गरीच्या काठीवरील रेशमी वेढे



बदलापूर सोडल्यावर कर्जतच्या वाटेवर पहिलें स्टेशन वांगणीचें. गाडींतून जाणाराला येथल्या रोपवाटिका तेवढ्या दिसतात. जवळूनच उल्हास नदी वाहते. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी कर्जत, नेरळ करीत येथें येते आणि पुढें कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते. पहिल्या पावसांत मासे प्रवाहाच्या उलट चढूं लागतात. त्याला या भागांत वलगण म्हणतात. त्या दिवसांत कोणी पाग घेऊन नदीवर जातो, कोणी गरी. आज मी त्या गरीच्या काठीवर गुंडाळलेल्या दोऱ्याच्या नक्षीविषयीं, आणि नक्षीपूर्वीं कराव्या लागणाऱ्या खुणांविषयीं चार शब्द सांगणार आहें. चित्र दाखविण्याची सोय नभोवाणीवर नसल्यामुळें आपण हातांत एखादी काठी आहे असें समजून ऐकावें.

नुसत्या बांबूच्या टोंकाला दोरी बांधून मासे धरणाराला वेढ्यांची गरज नाहीं. परंतु काठीला फिरकी लावली कीं दोरी जाण्यासाठीं ओळीनें कड्या बसवाव्या लागतात, आणि त्या दोऱ्यानें आवळून बांधाव्या लागतात. एकोणिसाव्या शतकांत परदेशांतले कारागीर बांबू उभा चिरून त्याच्या सहा पट्ट्या सरसानें जोडीत व तशी काठी घडवीत. अमेरिकेंत त्यासाठीं कलकत्त्याहून बांबू जात असे. मागाहून दक्षिण चीनमधल्या बांबूनें त्याची जागा घेतली. सरस भरंवशाचा नसे, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रेशमाचे वेढे देत. पुढें कांचतंतूच्या, आणि १९७० च्या दशकांत कार्बनच्या काठ्या निघाल्या. पट्ट्या सांधण्याचें काम दोऱ्याला उरलें नाहीं, पण कड्या बांधण्याचें राहिलें. आणि मुठीच्या वरच्या अंगाला नक्षी काढण्याची हौसही राहिली.

या नक्षींतली सर्वांत प्रिय आकृति शंकरपाळीची. ठिपक्यांची रांगोळी काढणारी गृहिणी आधीं ठिपके देते व मग रेघा ओढते. येथेंही रीत तीच. मात्र अंगण सपाट असतें, काठी गोल असते. एवढ्या फरकानें सारी अडचण उत्पन्न होते.

पहिली खूण रेघेची. कड्यांच्या ओळीच्या मध्यावरून मुठीपर्यंत, गवंडी भिंतीला सूत धरतो तसा, एक दोरा ताणून धरावा आणि त्याखालीं बारीक रेघ ओढावी. दुसरी खूण घेराची. कागदाची अरुंद पट्टी काठीभोंवतीं गुंडाळावी व टोंक जेथें येऊन भिडेल तेथें कापावी. तिची मधोमध घडी घालून ती पुन्हां काठीवर बसवावी आणि दोन्ही टोंकें पहिल्या रेघेवर आणावीं. घडी जेथें येईल तेथून पाठची रेघ जाते. तिसरी खूण अंतराची. पहिल्या रेघेवर शंकरपाळीचा मध्य जेथें यावयाचा तेथें ठिपके द्यावे. पाठच्या रेघेवर ते दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्यें पडतात. दोरा एका ठिपक्यावरून निघतो, पाठच्या ठिपक्यावरून वळसा घेतो आणि एक वेढा पुरा होतांच पुढच्या ठिपक्यावर येतो. वर पोंचल्यावर तो उलट वळसे घेत परततो व प्रत्येक ठिपक्यावर आपल्याच पूर्वींच्या वाटेला छेदतो. या पहिल्या फुल्या नीट पडल्या कीं पुढचे दोरे त्यांना लागून बसत जातात, आणि रंग बदलला कीं शंकरपाळींत शंकरपाळी उमटते.

हें सारें मला माझ्या वडिलांच्या काठीवर शिकावें लागलें. म्हातारपणीं त्यांची दृष्टि गेली. वांगणींत अंध कुटुंबें पुष्कळ आहेत. बोटांनीं काय काय ओळखतां येतें हें येथें कोणाला सांगावें लागत नाहीं. नदीवर जाण्याचें अण्णांनीं सोडलें नव्हतें. जुनी काठी मीं हौसेनें नव्यानें गुंडाळली व रोगण वाळल्यावर त्यांच्या हातांत दिली. अंगठा फिरवून ते म्हणाले, "अरे, खालच्या शंकरपाळ्या गुबगुबीत आणि वरच्या वाळलेल्या कां? आणि ओळ कड्यांना सोडून डावीकडे कां गेली?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. रेघ मीं डोळ्यांच्या अंदाजानें ओढली होती, आणि ठिपके मोजपट्टीनें सारख्या अंतरावर दिले होते. पण काठी वर निमुळती होत जाते. खालीं घेर बारा सूत आणि वर दहा सूत असेल, तर बारा सुतांचें एकच अंतर वरच्या आकृतीला लांबट करतें. तिसरी चूक आईला दिसली. रोगण पिऊन रेशीम काळवंडतें व पारदर्शक होतें. त्यामुळें माझी पेन्सिलीची रेघ दोऱ्याखालून स्वच्छ दिसत होती.

सगळें उसवून पुन्हां आरंभ केला तेव्हां खुणा अण्णांनींच केल्या. खालच्या घेराची एक पट्टी, वरच्या घेराची दुसरी. पहिलें अंतर पहिल्या पट्टीएवढें, शेवटचें दुसरीएवढें, मधलीं क्रमानें कमी: बारा, साडेअकरा, अकरा, साडेदहा, दहा. एका जाड दोऱ्याला त्या अंतरांवर गांठी मारून त्यांनीं तो कड्यांच्या ओळींत ताणून धरला. मीं प्रत्येक गांठीपाशीं खडूचा ठिपका दिला आणि पहिल्या फुल्या बसतांच खडू पुसून टाकला. मोजपट्टी या वेळीं लागलीच नाहीं. काठीनेंच आपलें माप दिलें.

नदीच्या कांठावर बसल्यावर अण्णा अंगठा शंकरपाळ्यांच्या ओळीवर ठेवीत. ओळ अंगठ्याखालीं आली कीं कड्या कोणत्या अंगाला आहेत हें त्यांना कळे, आणि गरी टाकण्यासाठीं कोणाला हांक मारावी लागत नसे. पहिल्या वेळीं मीं ज्या नक्षीला केवळ शोभा समजलों होतों, तिचा त्यांना असा उपयोग होता.

श्रोत्यांपैकीं कोणाला हें करून पाहावेंसें वाटलें, तर प्रथम स्वयंपाकघरांतलें लाटणें घ्यावें. तेंही टोंकाकडे निमुळतें असतें. मध्यावर एक व टोंकाजवळ एक, अशा कागदाच्या दोन पट्ट्या गुंडाळून त्यांच्या लांबींतला फरक पाहावा. तो ध्यानांत आला, म्हणजे काठीवर पहिला ठिपका द्यावयास हरकत नाहीं.