पंपाचे वॉशर आणि शेतकऱ्याची पाठ



कापसाच्या भावाबद्दल आपण बैठकीत पुष्कळ बोलतो आणि पुढेही बोलावेच लागणार आहे. आज मात्र मी एका लहान वस्तूबद्दल बोलणार आहे. ती तुमच्या-माझ्या घरी आहे, गोठ्यात खुंटीला टांगलेली आहे आणि बऱ्याच घरांत ती गळकी आहे. ती वस्तू म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप.

तिफणीचा दाता मोडला की आपण पेरणी थांबवतो आणि सुताराकडे जातो. वखराची फास बोथट झाली की लोहाराचा भाता गाठतो. मोडक्या औताने रान नीट होत नाही, हे बापजाद्यांनी शिकवले आहे. पंप त्यांच्या काळात नव्हता. त्यामुळे झाकण गळायला लागले की आपण पाठीवर पोत्याची घडी टाकतो, नळी चिरली की सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो आणि तसेच ओळीत शिरतो. औत मोडले तर नुकसान रानाचे होते. पंप मोडला तर ते अंगावर येते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आठवा. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात पडले. कारणे अनेक होती. दोन-तीन औषधांची मिश्रणे होती, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती, हातमोजे आणि मास्क नव्हते. केवळ गळक्या पंपामुळे ते घडले असे कोणी म्हणणार नाही. पण प्रोफेनोफॉससारखे औषध कातडीतून अंगात जाते. घामाने भिजलेल्या पाठीवर पंप दिवसभर गळत राहिला, तर ते औषध बोंडअळीच्या आधी माणसाला लागते.

आता पंप उघडून पाहू. उघडण्याआधी तो रिकामा करा, दाब सोडा, स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा आणि हातात मोजे घाला. धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याला जाऊ देऊ नका.

दांडा मारूनही दाब येत नसेल तर पिस्टनवरचे वाटीसारखे वॉशर बघा. ते झिजले असेल, वाळून कडक झाले असेल. वॉशर कातड्याचे असेल तर बसवण्याआधी तेलात भिजवून मऊ करा. वॉशर चांगले असूनही दाब येत नसेल, तर आतल्या गोळीखाली रेतीचा कण अडकलेला असतो. गोळी आणि तिची बैठक धुतली की बहुधा काम भागते. ट्रिगर सोडल्यावरही नोझल ठिबकत असेल, तर ट्रिगरच्या आतली रबरी रिंग किंवा स्प्रिंग गेली आहे. पाठ ओली होत असेल तर झाकणाचे रबर आणि टाकीखालचा नळीचा सांधा तपासा. बॅटरीच्या पंपात दांडा मारावा लागत नाही, पण झाकण, नळी, ट्रिगर आणि नोझल त्यातही आहेत आणि ते तसेच खराब होतात.

नोझल तुंबले की आपण ते तोंडात धरून फुंकतो. ही सवय आजपासून बंद. तार किंवा टाचणीही घालू नका, त्याने छिद्र मोठे होते. जुना दात घासायचा ब्रश आणि स्वच्छ पाणी पुरे आहे.

छिद्र वापरानेही झिजते आणि हे झिजणे डोळ्यांना दिसत नाही, मोजावे लागते. पंपात साधे पाणी भरा. नवे नोझल लावा, एक मिनिट बादलीत फवारा धरा आणि पाणी मापून लिहून ठेवा. मग जुने नोझल लावून तसेच करा. जुन्यातून दहा टक्क्यांहून जास्त पाणी आले तर त्याची चकती बदला. समजा, नवे नोझल मिनिटाला ६०० मिलिलिटर देते आणि जुने ७५०. तुमच्या चालीत फरक नाही, औषध तुम्ही पंपामागे मापून घालता. मग जिथे आठ पंप लागायचे तिथे दहा लागतील. दोन पंपांचे औषध चकतीच्या भोकातून गेले. कापसाला भाव मिळत नाही तो मिळत नाही, आणि वर हा खर्च आपल्याच गळतीतून.

ज्वारी आणि कापूस दोन्ही घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्वारीत टारफुल्यासाठी किंवा रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी मारले असेल, तर तो पंप कापसात नेऊ नका. हे औषध नळीत आणि वॉशरमध्ये मुरून राहते. त्याचा थोडा अंश लागला तरी कापसाची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. भावकीत दोघा-तिघांत मिळून एक ठेवला तरी चालेल, पण त्यावर रंगाने मोठी खूण करा.

आता खरी अडचण. हे सगळे भाग मिळतात कुठे? वॉशर मागायला गेले की दुकानदार म्हणतो, या कंपनीचे येत नाही, नवा पंपच घेऊन जा. २०२४ साली राज्य शासनाने कापूस-सोयाबीनवाल्यांसाठी शंभर टक्के अनुदानावर बॅटरी पंपाची योजना काढली. पंप फुकट आला, तरी त्याची रबरी रिंग पुढच्या वर्षी कोण देणार? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारेही धरली होती. हक्क कागदावर आहे तोवर वॉशर काही बदलले जात नाही.

म्हणून दोन मागण्या. जो पंप विकेल त्याने त्याचे सुटे भाग दुकानात ठेवलेच पाहिजेत. आणि अनुदानाच्या प्रत्येक पंपाबरोबर वॉशर, रिंगा आणि नोझलच्या चकत्यांची पुडी आलीच पाहिजे. पाठीवरच्या हातपंपाला भारतीय मानक ३९०६ आहे. घेताना ते चिन्ह बघा आणि पावती सोडू नका.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. गेवराई-माजलगावच्या कापूस पट्ट्यात असो की आष्टी-पाटोद्याच्या ज्वारीच्या रानात, पहिल्या फवारणीआधी प्रत्येक गावाने एक सकाळ ठरवावी. सर्वांनी पंप पारावर आणावेत, साध्या पाण्याने चालवून बघावेत. गळणारा एकही पंप औषधासाठी वापरू नये. वर्गणी करून सुट्या भागांचा एक डबा गावात ठेवावा. गावातल्या दोन पोरांनी हे काम शिकून घ्यावे. पंपाला पाणी देणाऱ्या बायांनाही या बैठकीला बोलवा, विष त्यांच्याही हातावर सांडते.

फवारताना कोणाला गरगरले, मळमळले, दरदरून घाम सुटला तर लगेच काम थांबवा, कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

लढाई भावाची आहे आणि ती लांबची आहे. ती लढायला माणूस धडधाकट पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना किती पंप तपासले आणि किती दुरुस्त झाले, तो गाववार आकडा घेऊन या.