दुष्काळी मुलखांतील बोरी

संक्रांतीच्या सुमारास शहरांतील बाजारांत बोरांच्या राशी दिसूं लागतात. सुगडांत ऊस, गाजर व हरभऱ्याचे घाटे यांच्याबरोबर बोरें पडतात. बोरन्हाणाच्या दिवशीं लहान मुलाच्या डोक्यावरून त्यांचा वर्षाव होतो. पुढें वर्षभर त्या झाडाची आठवण कोणास होत नाहीं. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यांत, बालाघाटाच्या डोंगरांजवळ वसलेल्या जामखेड तालुक्यांत, बांधावरची बोरी ठेवावी कीं तोडावी, हा संसाराचा प्रश्न असतो.

सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाच्या छायेंत हा प्रदेश येतो. इतिहासाच्या वाचकांस तो १७९५ सालच्या खर्ड्याच्या लढाईमुळें ठाऊक असतो. तेथील वडीलधाऱ्यांस मात्र १९७२ सालचा दुष्काळ अधिक जवळचा वाटतो. जेथें पाऊस ऐन पावसाळ्यांतहि दडी मारतो आणि माळावर थोडें खणतांच मुरूम लागतो, तेथें कोणतें झाड तगेल, हें त्याच्या वागणुकीवरूनच ठरवावें लागतें.

युरोपांतील ओक वृक्षाच्या कांहीं लहान जातींस अर्धसदाहरित म्हणतात. कारण त्या हिवाळ्याचा बराच काळ पाला धरून ठेवतात. बोरीहि त्याच रीतीची. परंतु तिची परीक्षा थंडी घेत नाहीं, ऊन घेतें. ओल असेल तोंवर ती हिरवी राहते. कोरड पडली कीं उन्हाळ्यांत पाला टाकून स्वस्थ बसते. तिचें पान वरून तुकतुकीत हिरवें, तर खालून पांढुरक्या लवीचें असतें. त्या लवीमुळें पानांतील पाणी सावकाश उडतें.

खरें भांडवल मात्र जमिनीखालीं आहे. बोरीचें सोटमूळ मुरमाच्या फटींतून खोल उतरतें. म्हणूनच वाढलेलें रोप उपटून दुसरीकडे लावल्यास तें सहसा जगत नाहीं. बीं जागेवरच पेरावें, किंवा आपोआप उगवलेली गांवठी बोरी राखावी, हें उत्तम. उन्हाळ्यांत तिचें खोड जमिनीपासून थोडें वर छाटून, पावसाळ्यांत फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यावर उमराण किंवा मेहरूण अशा चांगल्या जातीचा डोळा भरतात. मूळ जुनें, फळ नवें, असा तो संसार असतो.

तिचें वर्षहि पावसाशीं जुळलेलें आहे. फूल नव्या फुटीवरच येत असल्यामुळें चैत्र-वैशाखांत, झाड विसांवलेलें असतां, छाटणी करतात. पावसावर नवी फूट येते, भाद्रपदाच्या सुमारास बारीक हिरवट-पिवळा फुलोरा धरतो, आणि पौष-माघांत बोरें पिकतात. इतर झाडें पाण्यासाठीं तळमळतात, त्या दिवसांत बोरीचें मागणें अगदीं थोडें असतें.

दोष नाहींत असें नाहीं. कांटे अंगाला ओरबाडतात, सावलींत पीक दबतें. फळमाशीची अळी बोर आंतून नासविते व मातींत शिरून कोष करते. यासाठीं उन्हाळ्यांत झाडाखालची जमीन खणून उन्हांत तापवावी लागते. थंडींत भुरी रोग येतो. परंतु शेळ्यांस पाला, कुंपणास कांटेरी फांदी, अवजारांस टणक लाकूड आणि मुलांस क जीवनसत्त्वानें भरलेलें फळ एवढें देणारें दुसरें झाड माळावर सहज सांपडत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें १९९० सालीं रोजगार हमीशीं फळबागांची सांगड घातली, तेव्हां कोरडवाहू फळझाडांत बोरीसहि स्थान मिळालें.

पाहुण्याच्या गाडीचें चाक बोरीच्या लांकडाचें आणि यजमानाच्या दारीं बोरीचें झाड, एवढ्यावरून जोडलेल्या नात्यास ‘बादरायण संबंध’ म्हणून लोक हंसतात. संक्रांतीच्या सुगडाचें व जामखेडच्या बांधाचें नातें तसें ओढूनताणून आणलेलें नाहीं. शहरांत बोरांस गिऱ्हाईक आहे तोंवर बांधावरच्या बोरीवर कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं शेतकरी दोनदां विचार करील.