नकाशावर आपली गल्ली आहे का?

(बदलापूरमध्ये तरुणांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला आहे 'शहराचा विकास आराखडा आणि नागरिक'. विषय ऐकताच मागच्या रांगेतल्या दोघांनी मोबाइल बाहेर काढला, हे मी पाहिलं. त्यांचा दोष नाही, विषय रुक्षच वाटतो. पण आधी एक साधा हिशेब करू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यानुसार शहराच्या विकास आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून किमान एकदा व्हायला हवी. प्रत्यक्षात त्याहूनही उशीर होतो. आज तुम्ही वीस-बावीस वर्षांचे आहात. येणारा आराखडा तुमच्या हातून सुटला, तर पुढची संधी येईल तेव्हा तुम्ही चाळिशी ओलांडलेली असेल. तुमचं घर, मुलांची शाळा, आईवडिलांचं आजारपण, सगळं या एका नकाशाच्या चौकटीत होणार आहे.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. आमचं गाव तालुक्याचं, इथून लांब. माझे अब्बा गेले ते भर पावसाळ्यात. गावातलं कब्रस्तान भरलेलं होतं. जुन्या कबरींमध्ये जागा शोधत आम्ही दोन तास चिखलात उभे होतो. शेवटी मय्यत टेम्पोतून अकरा किलोमीटरवरच्या गावी नेली. चाळिसाव्यानंतर मी नगरपालिकेत गेलो, दफनभूमीसाठी जागा मागायला. तिथल्या एका कारकुनाने जुना नकाशा उलगडला आणि बोट ठेवलं. गावाच्या उत्तरेला, ओढ्यापलीकडे, दफनभूमीसाठी जागा आरक्षित होती! कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करून ती ठेवली होती. ती ताब्यात घ्या, असं सांगणारं एकही पत्र आमच्या मोहल्ल्यातून कधी गेलं नव्हतं. मुदत उलटली, जागामालकाने नोटीस दिली, आरक्षण संपलं. मी गेलो तेव्हा तिथे प्लॉट पडले होते.

घरी परतताना वाटलं, आपल्यावर अन्याय झाला. पण त्याच नकाशात मी आणखी पाहिलं, तेव्हा कळलं की शेजारच्या आळीचं मैदानही असंच गेलंय आणि स्टेशनमागच्या वस्तीची प्राथमिक शाळाही. आम्ही सगळ्यांनी मिळून गमावलं होतं आणि एकमेकांना त्याची खबरही नव्हती. आज मला जे सांगायचं आहे, ते इथूनच सुरू होतं.

विकास आराखडा म्हणजे काय? शहराच्या प्रत्येक जमिनीवर पुढच्या काळात काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हे ठरवणारा कायदेशीर नकाशा. राहण्याचा भाग कुठला, उद्योगाचा कुठला, रस्ता किती रुंद होणार आणि कुणाच्या घरावरून जाणार, हे त्यात असतं. शाळा, दवाखाना, मैदान, बाजार, स्मशान, दफनभूमी यांसाठी ज्या जागा राखून ठेवतात, त्यांना आरक्षण म्हणतात. हे नोकरीतलं आरक्षण नव्हे, जमिनीचं.

हे आरक्षण कायमचं नसतं. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होऊन जमीन मोकळी होते. मालकाची बाजूही समजून घ्या. त्याची जमीन पैसे न देता किती वर्षं अडकवून ठेवणार? म्हणून आरक्षण मिळवणं हे निम्मं काम. दहा वर्षं त्याचा पाठपुरावा करणं हे उरलेलं निम्मं.

आता आपल्या तीन शहरांकडे पाहू. उल्हासनगर १९४९ मध्ये वसलं. फाळणीत सिंधमधून उखडून आलेल्या माणसांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीचं शहर झालं. म्हणून आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प एक, कॅम्प चार असं म्हणतो. जेमतेम १३ चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून जास्त माणसं. वस्ती नियोजनाच्या पुढे धावली. शेकडो बेकायदा इमारती उभ्या राहिल्या, त्या पाडण्याचे आदेश झाले आणि २००६ मध्ये त्या नियमित करण्यासाठी केवळ त्या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. २०२१ च्या मे महिन्यात तिथे पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं दगावली. आराखडा कागदावर आणि शहर भलतीकडे, असं झालं की किंमत कोण मोजतं? स्लॅबखाली झोपलेली माणसं.

अंबरनाथला हजार वर्षांच्या घरातलं शिवमंदिर आहे. शिलाहारांच्या काळात, १०६० मध्ये ते पूर्ण झालं. मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरात जाते आणि कारखान्यांचं सांडपाणी घेऊन नाल्यासारखी वाहते. हजार वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांनी नदीकाठ पाहून जागा निवडली. आपण नदीकडे पाठ करून घरं बांधली.

आणि हे बदलापूर. घोडे बदलायचे ठिकाण म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. आता इथं माणसं लोकल बदलतात. २००१ मध्ये लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. शाळा किती हव्यात, पाणी किती हवं, हे ज्या आकड्यांवर ठरतं, ते आकडेच जुने. तुमच्या गल्लीत आज किती घरं आहेत, हे सरकारी कागदापेक्षा तुम्हाला जास्त अचूक ठाऊक आहे. आराखड्यात नागरिक हवा, तो केवळ मान म्हणून नव्हे. ही माहिती त्याच्याकडे आहे म्हणून.

पुराचंच घ्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. नदीकाठी दोन रेषा आखतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी. रेषा अभियंते आखतात. पण २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, हे तुमची आजी भिंतीवर हात ठेवून दाखवते. ते माप कुणीतरी लिहून कार्यालयात पोचवलं पाहिजे. ते काम तुमचं.

मग आपलं म्हणणं मांडायचं कधी? कायद्यात तीन वेळा दार उघडतं. आधी नियोजन प्राधिकरण आराखडा सुधारण्याचा इरादा जाहीर करतं आणि त्यावर सूचना मागवतं. मग सध्याच्या जमीनवापराचं सर्वेक्षण होतं. जमिनीवर आज काय आहे, त्याचा हा नकाशा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आणि याच वेळी आपण झोपेत असतो. वीस वर्षं चालणारा दवाखाना, बालवाडी, मदरसा किंवा बुद्धविहार या नकाशात नसेल, तर पुढच्या नकाशात त्यावरून रस्ता गेला तरी करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून सर्वेक्षण सुरू असतानाच आपली यादी नेऊन द्यायची. दुसरं दार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर. राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना येते आणि हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. नकाशा कार्यालयात पाहता येतो, त्याच्या प्रती वाजवी किमतीत विकत मिळतात. हरकत घेणाऱ्याचं म्हणणं नियोजन समितीला ऐकून घ्यावं लागतं. तिसरं दार शासनाने मोठे बदल सुचवले तर. तेव्हा पुन्हा हरकती मागवतात.

हरकत लिहायची कशी? 'आमच्यावर अन्याय होत आहे, तरी योग्य तो विचार व्हावा' असं लिहिलेला अर्ज फाइलमध्ये झोपतो. सर्व्हे नंबर लिहा, हिस्सा नंबर लिहा, आरक्षणाचा क्रमांक लिहा. आज तिथे काय आहे, त्याचा फोटो जोडा. काय नको ते सांगा आणि त्याऐवजी काय, कुठे हवं तेही सांगा. सुनावणीला बोलवावं, ही विनंती अर्जातच करा. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता, असं समजा.

याने काही होतं का, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. मुंबईचा अनुभव सांगतो. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथला प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात चुका इतक्या होत्या, की वारसा इमारतींवरून रस्ते गेले होते. ६० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मागे घेऊन दुरुस्त करायला सांगावं लागलं. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. त्याआधी काही वर्षं वस्त्यांमधले लोक, स्त्रियांचे गट, फेरीवाले आणि नियोजनाचे अभ्यासक एकत्र बसून नकाशे वाचत होते. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी निवास, पाळणाघर आणि कौशल्यकेंद्र असलेली आधार केंद्रं यांसाठी जागा त्या आराखड्यात आल्या, त्यामागे ही मागणी होती. सगळं मिळालं नाही. पण न मागितलेलं काहीच मिळत नाही.

आता एक अवघड गोष्ट. आपण बहुतेक वेळा नगरपालिकेत 'समाजाचं निवेदन' घेऊन जातो. दहा टोप्या, एक फोटो, एक पुष्पगुच्छ. दफनभूमी ही गरज खरी आहे, माझ्याइतकी ती कुणाला कळणार? मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या रहिवाशांना त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. ती मागणी संकोच न करता करा. लोकसंख्या, सध्याची जागा, दर वर्षीचे दफनविधी यांचा हिशेब जोडून करा. पण कागद प्रभागाचा असू द्या. त्यात दफनभूमीच्या जोडीला स्मशानाची पत्र्याची शेड असेल, आदिवासी पाड्याचा रस्ता असेल, मुलींना खेळायला मैदान असेल. शेजारच्या सोसायटीतल्या काकूंची सही त्यावर असेल आणि त्यांच्या वाचनालयाच्या मागणीवर तुमची. ज्यांच्याशी ड्रेनेजवरून बोलणं झालेलं असतं, ते दफनभूमीच्या नावाने भडकवल्यावर लगेच मोर्चात जात नाहीत.

आणि मुलींना सोबत घ्या, असं मी म्हणणार नाही. त्यांना पुढे राहू द्या. स्टेशनवरून रात्री नऊला घरी येताना कुठल्या वळणावर दिवा नाही, हे त्यांना माहीत आहे. माझ्या अम्मीने नकाशा पाहिला असता तर पहिला प्रश्न विचारला असता, 'यात बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे?' तो प्रश्न मला पन्नाशीत सुचला.

शेवटी कामाचं बोलू. अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर आणि भोवतालच्या गावांचा एकत्र आराखडा पूर्वी एमएमआरडीएने विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून केला होता. औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचं नियोजन चालतं. त्यामुळे आपली गल्ली कुणाच्या हद्दीत येते, हे आधी शोधा. या सोमवारी दोघं जण नगरपालिकेच्या नगररचना विभागात जा आणि तीन प्रश्न लेखी विचारा. आराखड्याची सुधारणा कुठल्या टप्प्यावर आहे? आपल्या प्रभागात कुठली आरक्षणं आहेत? त्यातली किती ताब्यात आली? उत्तर टाळलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. बाकीच्यांनी येत्या दोन रविवारी गल्ली पायी मोजायची. विहीर, शाळा, नाला, पुराची खूण, पडीक मैदान, सगळं कागदावर उतरवायचं.

२०२० मध्ये मुदत संपल्यावर इथल्या दोन्ही नगरपालिकांत कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा कुणाकडे जायचं, हे आपल्याला सुचलं नाही, कारण आपण नेहमी कुणामार्फत तरी जातो. हरकतीच्या अर्जावर मात्र कुणाची शिफारस लागत नाही. तुमचं नाव, पत्ता आणि सही, एवढंच पुरतं.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा येईन. तेव्हा भाषण करणार नाही. तुम्ही काढलेला नकाशा या टेबलावर पसरा, तो पाहायला येईन.