काका, हे कसं केलंत?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या गणपतीत मी मुलांसमोर जादूचे चार-दोन प्रयोग करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. रुमाल, दोरी, नाणी, पत्ते, एवढंच माझं भांडवल. प्रयोग संपला की टाळ्या होतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "काका, हे कसं केलंत?" मुलं उघड विचारतात. मोठी माणसं लिफ्टमध्ये गाठून हळूच विचारतात. आमचे एक शेजारी तर गेली कित्येक वर्षं मला सांगताहेत, "अहो, आता रिटायर झालात, आता तरी सांगा!" जणू काही ते गुपित बँकेच्या नोकरीचा भाग होतं. सेक्रेटरींनी बोलायला विषय विचारला तेव्हा म्हटलं, याच प्रश्नावर बोलू. जादूगाराला गुपित विचारलं की तो काय उत्तर देतो, आणि त्याने काय उत्तर द्यावं?

सर्वांत जुनं उत्तर हसण्यावारी नेण्याचं. प्रेक्षक जवळ येऊन म्हणतो, "मला एकट्याला सांगा, कुणाला सांगणार नाही." जादूगार विचारतो, "नक्की? गुपित ठेवता येतं तुम्हाला?" तो म्हणतो, "अगदी नक्की!" जादूगार म्हणतो, "मलाही येतं." हा विनोद जगभरचे जादूगार करतात. त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि गुपितही शाबूत राहतं.

पण ते शाबूत ठेवायचं कशासाठी? माझा अनुभव सांगतो. खेळ चालू असताना समोरच्याचे डोळे चमकत असतात. युक्ती कळली की पहिला शब्द काय निघतो? "हात्तिच्या! एवढंच होय?" बहुतेक युक्त्या खरोखरच "एवढ्याच" असतात. कुठे दोरा असतो, कुठे दुहेरी कप्पा असतो, कुठे नुसती बोटांची सवय असते. त्या "एवढ्याशा" गोष्टीमागे आरशासमोर घालवलेले कित्येक महिने असतात, ते काही सांगता येत नाहीत. म्हणजे सांगताना दोघांचंही नुकसान होतं. तुमची गंमत जाते आणि त्याची मेहनत दिसत नाही.

दुसरं कारण असं, की गुपित बहुधा त्या जादूगाराच्या एकट्याच्या मालकीचं नसतं. त्याने ते कुणाकडून तरी घेतलेलं असतं, आणि त्याच खेळावर दुसऱ्या कुणाची तरी चूल पेटत असते. आपल्याकडे रस्त्यावरचा गारुडी वाट्या आणि गोळ्यांचा खेळ बापाकडून शिकायचा. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्यात मुलगा विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्या जादू चालत आली. लंडनला 1905 साली जादूगारांची 'मॅजिक सर्कल' ही संस्था स्थापन झाली. तिच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा भावार्थच 'गुपित बोलून दाखवणार नाही' असा आहे. डेव्हिड डेव्हंट हे तिचे पहिले अध्यक्ष. पुढे त्यांनीच युक्त्या छापून प्रसिद्ध केल्या, तेव्हा संस्थेने त्यांनाही बाहेरचा रस्ता दाखवला. असा नियम, की माजी अध्यक्षांनाही सूट नाही. आपल्या पार्किंगच्या नियमांना हे भाग्य केव्हा लाभेल, देव जाणे!

कुणी म्हणेल, गुपिताची एवढी काळजी असेल तर कायद्याने संरक्षण घ्यावं. मी बँकेतला माणूस, मलाही हेच सुचलं असतं. पण यात एक गोम आहे. बाईला पेटीत घालून करवतीने कापण्याचा खेळ पी. टी. सेल्बिट यांनी जानेवारी 1921 मध्ये लंडनच्या रंगमंचावर केला. लवकरच अमेरिकेत होरेस गोल्डिन यांनी आपल्या पद्धतीने तो गाजवला. कुणी नक्कल करू नये म्हणून गोल्डिननी 1923 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आता पेटंट म्हणजे काय? सरकारकडे सगळी रचना आकृत्यांसकट लिहून द्यायची, आणि ते कागद कुणीही बघू शकतो. 1933 मध्ये एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातीत हीच युक्ती फोडून दाखवली. गोल्डिन कोर्टात गेले. 1938 मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. जी गोष्ट तुम्ही स्वतः जगजाहीर केलीत, ती गुप्त कशी म्हणायची? तिजोरीला उत्तम कुलूप लावलं आणि किल्ली नोटीस बोर्डावर टांगली, असा हा प्रकार झाला.

तिसरं उत्तर मला फार आवडतं. अमेरिकेत पेन आणि टेलर अशी जोडी आहे. त्यांनी वाट्या-गोळ्यांचा तोच जुना खेळ चक्क पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यांनी करून दाखवला. म्हणजे सगळं डोळ्यांसमोर उघडं. तरीसुद्धा हात असे चालतात, की गोळी पेल्यात कधी गेली ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. गुपित सांगूनही जादू उरते, ती अशी. पण त्यासाठी हातही तसाच तयार लागतो.

आता आपल्या देशातल्या जादूगाराची गोष्ट. जादूसम्राट पी. सी. सरकार 9 एप्रिल 1956 रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात होते. त्यांनी टेबलावर निजवलेल्या मुलीला गोल करवतीने कापल्याचा खेळ केला. नंतर तिला जागं करायला गेले, तर ती काही हलेना. तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ संपली. घरोघरच्या प्रेक्षकांना वाटलं, मुलगी खरंच गेली. बीबीसीकडे फोनवर फोन आले. मुलगी सुखरूप आहे, एवढं लोकांना सांगण्यात आलं, आणि तेवढंच. कापलं कसं, ते नाही सांगितलं. मला यात मोठं शहाणपण दिसतं. लोकांना जे कळायलाच हवं होतं ते कळलं. ज्याचं फक्त कुतूहल होतं, ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी झाली ती वेगळीच!

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. जादूगार तिकीट लावतो, फलकावर 'जादूचे प्रयोग' असं लिहितो, आणि मगच तुम्हाला फसवतो. म्हणजे हा फसवण्याचा करार दोघांच्या संमतीने झालेला असतो. अशा माणसाचं गुपित आपण जपावं. पण जो हीच हातचलाखी करून म्हणतो, "ही माझी सिद्धी आहे, दक्षिणा ठेव," त्याने तुमच्याशी असा करार केलेलाच नाही. त्याचं गुपित चव्हाट्यावरच मांडलं पाहिजे.

हूडिनीने हेच केलं. मृतात्म्यांशी बोलणं करून देतो असं सांगून दुःखी माणसांना लुबाडणारी मंडळी 1920 नंतरच्या काळात अमेरिकेत बरीच होती. त्यांच्या युक्त्या हूडिनीने जाहीरपणे उघड केल्या, 1924 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मात्र पाण्याने भरलेल्या पेटीत उलटं टांगल्यावर आपण कसे सुटतो, हे त्याने प्रेक्षकांना सांगितलं नाही. काहींना ही विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीचे कार्यकर्ते गावोगावी, शाळाशाळांतून आधी 'चमत्कार' करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती सांगतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळात आपोआप पेट घेतं, त्याला मंत्र लागत नाही. (मुलांनो, घरी करून बघायचं नाही. आईला विचारूनसुद्धा नाही.) तिथे कुणी "हात्तिच्या, एवढंच होय?" म्हणालं, तर कार्यकर्त्याला आनंद होतो. तेच तर त्याला हवं असतं! डॉक्टरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. गुपित फोडणं हे काम किती जोखमीचं असू शकतं, हे सांगायला आणखी शब्द नकोत.

बँकेतही आम्हाला हा भेद पाळावा लागायचा. काउंटरवर एखादा गोड बोलणारा गृहस्थ यायचा. "शंभराचे सुटे द्या. नको, पन्नासाच्या दोन द्या. थांबा, हे दहा घ्या, ती नोट परत करा..." बोलणं चालू, नोटा इकडून तिकडे, आणि संध्याकाळी कॅश कमी. ही शुद्ध हातचलाखी. ही युक्ती आम्ही प्रत्येक नव्या कॅशियरला पहिल्याच दिवशी समजावून सांगत असू. एक व्यवहार पुरा झाल्याशिवाय दुसरा हातात घ्यायचा नाही. मोजणी तुटली तर पहिल्यापासून मोजायचं, मागे रांग कितीही लांब असो.

आज तोच गृहस्थ फोनवरून येतो. आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या सोसायटीत हे मोठ्याने बोललं पाहिजे. 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात तो खेळ बघा. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश आणि शिक्के मारलेली पत्रं दिसतात, म्हणजे आपली नजर तिकडे खिळते. "आत्ताच्या आत्ता पैसे भरा," म्हणजे विचार करायला वेळ मिळत नाही. "घरात कुणाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका," म्हणजे शेजारून शहाणं बोलणारं कुणी उरत नाही. नजर खिळवायची, घाई करायची, एकटं पाडायचं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मीही गणपतीत करतो. तिसरी कुठलाच प्रामाणिक जादूगार करत नाही. त्याला प्रेक्षक जितके जास्त तितके हवेच असतात.

म्हणून ही युक्ती मी इथे फोडतो. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक ही गोष्टच नाही. पैसे *घेण्यासाठी* कधीही पिन टाकावा लागत नाही. असा फोन आला तर तो बंद करा आणि शेजारची बेल वाजवा. पैसे गेलेच तर लाजून बसू नका. ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि ज्याच्या बाबतीत असं घडलं असेल, त्याने ते चारचौघांत सांगावं. ऐकणाऱ्यांनी त्याला हसू नये. आपल्या पंचवीस वर्षांच्या शेजारधर्माचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

राहता राहिली बाळगोपाळ मंडळी. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. नुसतं कळून घ्यायचं असेल, तर नाही सांगणार. शिकायचं असेल, तर रविवारी सकाळी दहा वाजता क्लबहाउसमध्ये या, येताना एक रुपयाचं नाणं आणा. एकच खेळ शिकवीन. तो पंधरा दिवस आरशासमोर करायचा. नियम तीन : पुढे काय होणार ते आधी सांगायचं नाही, तोच खेळ त्याच माणसाला लगेच परत दाखवायचा नाही, आणि जादूच्या जोरावर कुणाकडून काही उकळायचं नाही. गणपतीत तुम्ही तो इथे, या स्टेजवर करायचा. मग प्रेक्षकांतून कुणीतरी विचारेलच, "बाळा, हे कसं केलंस?" तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते तुम्ही ठरवा. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.

 सोसायटीला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र!