इथेनॉलचे धोरण आणि व्यवसायसंघांचा शब्द



हवामान आणि ऊर्जा यांविषयीचे धोरण दिल्लीत ठरते. त्याचा दुसरबीडच्या माणसाशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. हा संबंध आपल्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोचलेला आहे. धोरण ठरताना कोण बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि कोण मुळीच बोलत नाही, हे आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

एकाच धंद्यातील कारखानदार बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. पण सरकारदारी जाताना ते एक होतात. त्यासाठी ते संघ स्थापतात, पगारी जाणकार नेमतात, निवेदने लिहितात, मंत्र्यांकडे शिष्टमंडळे धाडतात. या रदबदलीत मुळात गैर काही नाही. संघ स्थापण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने सर्वांनाच दिला आहे. शिवाय धंद्यातील आतली माहिती धंदेवाल्यांपाशीच असते, म्हणून सरकारलाही त्यांची गरज लागते. मात्र ही बोलणी नोंदवून ती जाहीर करण्याचे बंधन घालणारा कायदा अमेरिकेत १९९५ साली झाला. आपल्याकडे तसा कायदा नाही.

हवामानाच्या प्रश्नावर उद्योगांचे संघ नेहमी विरोधच करतात, अशी एक समजूत आहे. तिला आधारही आहे. १९८९ साली अमेरिकेत तेल, कोळसा आणि मोटारी यांच्या उद्योगांनी ‘ग्लोबल क्लायमेट कोएलिशन’ नावाची आघाडी उभारली आणि २००२ पर्यंत कार्बनच्या उत्सर्जनावरील बंधनांना अडथळा केला. आपल्याकडील उदाहरण याच्या उलट आहे. येथे संघ धोरणाच्या बाजूने उभे आहेत आणि ते अधिक जोराने राबवावे असा आग्रह धरीत आहेत. ते उदाहरण म्हणजे इथेनॉल.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ साली मिरज, मनमाड आणि बरेली येथे झाले. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत वीस टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. २०२२ मध्ये ते २०२५-२६ वर ओढून आणले गेले, आणि २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रण साधलेही. तेलाची आयात घटावी, हवेत कार्बन कमी जावा आणि शेतकऱ्याला पैसा मिळावा, ही त्याची तीन कारणे सांगितली गेली. तिन्ही चांगली आहेत. परंतु चांगल्या कारणाच्या पाठीशी हितसंबंध उभा राहिला, की कारण कुठे संपते आणि हितसंबंध कुठे सुरू होतो, हे तपासावे लागते.

१९३२ साली स्थापन झालेल्या साखर कारखानदारांच्या संघाने, ‘इस्मा’ने, आपल्या नावात आता ‘जैवऊर्जा’ हा शब्द घातला आहे. सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ १९६० पासून आहे. हंगामाच्या तोंडावर देशात साखर किती होईल याचा अंदाज ‘इस्मा’ प्रसिद्ध करते. वृत्तपत्रे तो छापतात, बाजार त्यावर हलतो. ज्याच्या हाती आकडा, त्याच्या शब्दाला वजन.

हे वजन कसे चालते ते पाहा. ७ डिसेंबर २०२३ रोजी साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. कर्जे काढून कारखान्यांनी आसवन्या उभारल्या होत्या. साखर उद्योगाने ओरड केली. आठच दिवसांनी, १५ डिसेंबरला, सतरा लाख टन साखरेइतका माल इथेनॉलकडे वळविण्याची मुभा मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षापुरते निर्बंध उठले. कारखानदारांची अडचण खरी होती, यात शंका नाही. पण कोणती अडचण आठ दिवसांत ऐकली जाते आणि कोणती आठ वर्षे ताटकळते, हे ज्याचे त्याने ताडून पाहावे. आपल्या दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला आणि हंगामामागून हंगाम बंदच राहिला. इथेनॉलने कारखान्यांना नवे दिवस दाखविले तेव्हा त्या सवलती घ्यावयास आपल्याकडे चालता कारखानाच नव्हता.

तरीही इथेनॉल आपल्या घरी आले, ते दुसऱ्या दाराने. २०२३-२४ च्या सुमारास उसाला मागे टाकून मका हा इथेनॉलचा मोठा कच्चा माल झाला. धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्यांचाही स्वतंत्र संघ आहे. मक्याला मागणी आली. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला. कुक्कुटपालकांच्या संघाने खाद्य महागल्याची तक्रार करून आयात खुली करा म्हटले. पुढे मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, ज्यास ‘डीडीजीएस’ म्हणतात, तो कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी शिरला. पेंडीची मागणी घटली, अशी तक्रार इंदूरच्या ‘सोपा’ या सोयाबीन प्रक्रियादारांच्या संघाने केली. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या पुष्कळ खाली होता. त्याला जागतिक बाजाराचीही कारणे होती. सारा दोष चोथ्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण तो एक वाटेकरी होताच.

आता आपल्या शेतकऱ्याचा विचार करा. त्याच्या एकरभर मक्याला इथेनॉलने भाव दिला, तर त्याच धोरणाने त्याच्या चार एकर सोयाबीनचा भाव खाली ओढला. एका हाताला मिळाले, दुसऱ्या हातातून गेले. साखरवाला, धान्यवाला, कोंबडीवाला आणि पेंडवाला असे चौघे चार संघांतून बोलले, आणि प्रत्येकाने शेतकऱ्याचे नाव घेतले. दोन्ही हातांचा हिशेब एकत्र मांडणारा कोणीच नव्हता. शेतकऱ्यांच्या संघटना आपल्या भागाला नव्या नाहीत. रस्त्यावर उतरण्यात त्या मागे नाहीत. पण भाव कोसळल्यावर रस्त्यावर उतरणे वेगळे आणि मसुदा तयार होत असता टेबलापाशी बसणे वेगळे.

यावर उपाय काय? संघांची तोंडे बंद करणे हा नव्हे. बोलणी उजेडात आणणे हा आहे. त्याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे विजेचे दर ठरविण्यापूर्वी प्रस्ताव प्रसिद्ध करून लोकांच्या सूचना व हरकती मागवाव्या लागतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन उद्योगांच्या वतीने आणि पुण्याचा प्रयास ऊर्जा गट सामान्य ग्राहकांच्या वतीने भांडलेले आहेत. कोणी काय मागितले आणि आयोगाने काय उत्तर दिले, हे आदेशात छापले जाते. दर काही नेहमी कमी होत नाहीत. पण का वाढले ते विचारता येते. इथेनॉलच्या खरेदीचा भाव किंवा मक्याची आयात ठरताना अशी उघड सुनावणी कायद्याने बंधनकारक नाही. ती व्हावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

ती मागणी करावयाची तर आपल्या हाती आकडे हवेत. मक्याचा व सोयाबीनचा पेरा किती, खर्च किती, बाजार समितीत भाव काय मिळाला, हा हिशेब गावोगावी ठेवता येतो. त्यासाठी दिल्लीत कचेरी लागत नाही. एक वही आणि हिशेबी माणूस पुरतो. असा हिशेब तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून राज्यात गेला, तर शेतकऱ्याच्या नावाने बोलणाऱ्यांना प्रथम शेतकऱ्याचा आकडा वाचावा लागेल.