परसातल्या कोंबड्या

माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च अम्मीच्या कोंबड्यांनी भागवला. त्यामुळे शेजारच्या मावशी बचत गटाचे कर्ज उचलून विचारू लागल्या, "भाऊ, थंडीत अंडी देईल अशी तलंग कोणती?" तेव्हा मी जपूनच बोललो.

हिवाळ्यात अंडी घटतात ती मुख्यतः दिवस लहान झाल्याने. हिमाच्या मुलखात बसक्या तुऱ्याची कोंबडी निवडतात; मोठा तुरा तिथे गोठतो. आपल्या अकोला-अमरावतीत जीव घेतो तो मे महिना. इथे मोठा तुराच अंगची उष्णता बाहेर टाकतो.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया गावरानपेक्षा अंडी जास्त देते, पण खुडूक बसत नाही. म्हटले, "मावशी, ग्रामप्रिया घ्या, पिलांसाठी दोन गावरान ठेवा. आणि खुराडे कडुनिंबाखालीच बांधा."