हंडी फुटते कशी?

आजचा भाग छोटा आहे, पण त्यासाठी मी सहा मडकी फोडलीत.

झालं असं, गोकुळाष्टमीच्या आधी गुलमंडीवरच्या एका मंडळाला मोबाईलवर फिरवायला व्हिडिओ हवा होता. शेवटचे चार सेकंद हंडी फुटते. मी सॉफ्टवेअरवाला, ॲनिमेशन हा आपला नाद. ब्लेंडरमध्ये एका रात्रीत केलं आणि आईला दाखवलं. ती म्हणाली, "मडकं नाही रे, फरशी फुटल्यासारखं वाटतंय."

तिचं बरोबर होतं. ब्लेंडरचं 'सेल फ्रॅक्चर' व्होरोनॉय पद्धतीने तुकडे पाडतं. म्हणजे बघा, आपल्या संभाजीनगरचा नकाशा घ्या, पाण्याच्या टाक्यांवर ठिपके द्या आणि प्रत्येक घर सगळ्यात जवळच्या टाकीला जोडा. नकाशाचे जे भाग पडतील, तेच तुकडे. (पाणी कितव्या दिवशी येईल, ते विचारू नका!) यात सगळ्या कडा सरळ, आणि तीन तडे एकत्र येतात ते इंग्रजी 'वाय'सारखे.

मग कुंभाराकडून मडकी आणली, गच्चीवर ताडपत्री अंथरली, मोबाईल स्लो-मोशनवर ठेवला. सेकंदाला २४० फ्रेम. तर एका फ्रेममध्ये मडकं अख्खं, पुढच्यात सगळीकडे तडे. मधलं काहीच नाही! काचेत तडा सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, म्हणजे एका फ्रेममध्ये सहा मीटर. मातीत त्याच्या चौथाई वेग धरला तरी दीड मीटर. मडक्याचा घेर जेमतेम मीटरभर. म्हणजे तडा जाताना कॅमेऱ्याला दिसतच नाही, दिसतात ते लांब उडणारे तुकडे.

मग खापऱ्या जुळवत बसलो, आणि तिथे उत्तर सापडलं. नवा तडा जुन्या तड्याला बहुतेक वेळा काटकोनात भिडतो आणि तिथेच थांबतो. कारण त्या जागी माती आधीच सुटलेली असते, ताण पलीकडे जात नाही. आकार होतो 'टी'चा. आडवी रेघ आधीची, उभी नंतरची. फुटण्याचा वेळ दिसत नाही, पण क्रम खापरीवर राहतो. माझ्या हंडीत तो क्रमच नव्हता.

हे गणिताने करता येतं. १९९९ मध्ये जेम्स ओब्रायन आणि जेसिका हॉजिन्स यांनी वस्तूचे बारीक चौफलक करून प्रत्येकातला ताण मोजला. जिथे ताण सोसवेना, तिथे तडा. पण माझ्या लॅपटॉपला ते झेपणारं नव्हतं. म्हणून जुगाड केला. आधी हंडीचे पाच मोठे, वाकड्या कडांचे तुकडे केले. मग प्रत्येक तुकडा वेगळा फोडला, आणि नारळ बसला तिथे जास्त बारीक.

आईला परत दाखवलं. म्हणाली, "आता कसं! पण आधी गच्चीवरची खापरं उचल."

घरात कप फुटला तर लगेच केरात टाकू नका. तुकडे जुळवा, 'टी' शोधा, आणि पहिला तडा कुठला ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!